चाळीसचा एवरेज

ज्योत्सनाचा एका शब्दावर कायमचा दात होता. तो शब्द म्हणजे 'एवरेज'.

ती भंडाऱ्यात राहायची आणि वरठीला जाऊन अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायची. सरासरी काढायची तर आधी पुष्कळ मोजमापं घ्यावी लागतात, एकाच मोजमापाची सरासरी नसते, हे तिने इतक्या तुकड्यांना सांगितलं होतं की आता खडूलाही पाठ झालं असेल. पण भंडाऱ्यात गाडीला सरासरी नसते, एवरेज असतो. "गाडी एवरेज काय देते?" असं विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो आणि सांगणारा तो छातीवर हात ठेवून देतो. हा आकडा आला कुठून, हे मात्र विचारायचं नसतं. ते लग्नाच्या पंगतीत बसून भाजीत तेल किती ओतलं विचारण्यासारखं आहे.

तिच्या स्वतःच्या गाडीचा एवरेज मात्र सगळ्या गल्लीला ठाऊक होता. फक्त प्रत्येकाला वेगळा ठाऊक होता.

गाडी पांढरी, लहान आणि मतदानाच्या वयाची होती. पेट्रोलचा काटा केव्हाच मान टाकून रिकाम्यावर पडला होता. टाकीच्या झाकणाचं कुलूप त्याच्याही आधी गेलं होतं. ज्योत्सनाला दोन्हींची अडचण वाटत नसे. ती किलोमीटर बघून पेट्रोल भरायची, आणि पेट्रोल चोरावं असं कोणाला वाटेल इतकी गाडीची लायकी नाही, यावर घरादाराचं एकमत होतं.

पण कुंपणापलीकडे भुपेंद्र राहायचा, आणि तो जुन्या गाड्यांची देवघेव करायचा. त्याच्या अंगणात सदैव कोणाची तरी परकी गाडी उभी असे आणि ती धुता धुता तो इतरांच्या गाड्यांचं भविष्य वर्तवत असे.

"वहिनी, राग नोका मानू," रविवारी सकाळी पाइप हातात धरून तो म्हणाला, "पण तुमची ते गाडी नाही. पेट्रोलचा हंडा आहे, खालून भोक पडलेला. बाराच्या वर देत असन तं मिशा काढून टाकीन."

"मिशा आहेत कुठे तुम्हाला?"

"पहिले ठेवीन, मंग काढीन."

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण ज्योत्सनाचा नवरा घनश्याम चहाची कपबशी घेऊन नेमका तेव्हाच बाहेर आला.

"मी काय म्हणून राहिलो होतो? हेच ना?" तो म्हणाला. घनश्याम वरठीच्या पोलाद कारखान्यात स्टोअरमध्ये होता आणि मोटारसायकलने जायचा. "मी वरठीले जातो, तू वरठीले जातेस. रस्ता एक, अन् गाड्या दोन. कायले? भुपेंद्र घ्याले तयार आहे. देऊन टाकू अन् तू माह्या मागं बसत जा."

ज्योत्सनाला हे नको होतं. घनश्याम माणूस सोन्यासारखा होता, पण मोटारसायकलवर तो बोलायचा. मान मागे वळवून बोलायचा. अर्धे शब्द वारा घेऊन जायचा, उरलेल्या अर्ध्यांवर तो उत्तर मागायचा, आणि समोरून ट्रक आला तरी वाक्य पूर्ण करायचा. शिवाय परतताना त्याची पाळी सुटेपर्यंत ती बसणार कुठे? आणि खरी गोष्ट यापेक्षाही लहान होती, सांगायलाही लाज वाटावी इतकी. सकाळी काच वर केली की वरठी येईपर्यंत तिला कोणी काही विचारत नसे. मोजे कुठे आहेत, गॅस बंद केला का, मॅडम, हा प्रश्न परीक्षेत येईल का, काही नाही. सगळ्या दिवसात तेवढा एकच तुकडा तिचा स्वतःचा होता, आणि तो त्या मान टाकलेल्या काट्याच्या गाडीत होता.

हे कारण घनश्यामला सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून तिने शास्त्राचा आधार घेतला.

"बारा हा आकडा कोणी मोजला?" तिने विचारलं.

"मोजाचं काय त्यात? दिसते ना."

"मग आज मोजू."

घनश्यामने कपबशी कट्ट्यावर ठेवली. पैज म्हटली की त्याला कारखाना आठवत नसे. "ठरलं. पंधराच्या खाली आला तं उद्या भुपेंद्र गाडी नेईन. पंधरा किंवा वर आला तं मी या गाडीबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही."

वाक्याच्या उत्तरार्धावर कोणाचाच विश्वास बसला नाही, पण ज्योत्सनाने मान हलवली.

रीत तशी सोपी होती. पंपावर टाकी भरायची, नळी आपोआप बंद होईपर्यंत. लांब चक्कर मारायची. परत त्याच पंपावर, त्याच नळीने, तशीच टाकी भरायची. दुसऱ्यांदा जेवढं पेट्रोल मावलं तेवढं जळलं. आठवीतल्या मुलाला समजेल. पण गल्लीत आठवीतला मुलगा कोणीच नव्हता, सगळे जाणते होते. एकाने चाकात हवा जास्त भरायला सांगितली, दुसऱ्याने कमी. समोरच्या कलाबाईंनी डिकीतलं जादा चाक काढून ठेवायचा सल्ला दिला आणि ते आपल्या कुंडीखाली मांडायची तयारीही दाखवली. ज्योत्सना प्रत्येकाला "हो" म्हणत गेली आणि तिच्या पायांना उगाच घाई झाली. ती गाडीभोवती फिरत राहिली, चाकं दाबून पाहत राहिली. वर्गात प्रयोग करताना तिला अशी घाई कधी होत नसे. पण तिथे उत्तर चुकलं तर मार्क जातात, गाडी जात नाही.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, सुशीलाबाई, लुगडं बदलून, हातात लाडवांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"रस्ताच मोजाचा आहे ना वं? मंग कोंढ्याचा मोजा. मुरारीले भेटून किती दिवस झाले."

मुरारी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. कोंढ्याला धानाची शेती, घरामागे बोडी, म्हणजे लहानसं तळं. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. ज्योत्सनाला नाही म्हणायला कारण सापडलं नाही. भुपेंद्र पंच म्हणून स्वतःहून मागच्या सीटवर जाऊन बसला.

पंपावर पहिली नळी बंद होती, दुसरी होती पण तिचा माणूस नव्हता. माणूस आला. टाकी भरली, नळीने 'टक्' आवाज केला. ज्योत्सना मुद्दाम खाली उतरून तो आवाज ऐकायला उभी होती.

"अजून थोडा टाक बे, आकडा गोल कर," घनश्याम म्हणाला.

"नाही!" ज्योत्सना इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

"तसंबी जमत नाही, साहेब," पंपावरचा माणूस म्हणाला. "टक् झाल्यावर थेंब टाकाचा नाही. टाकाचा असन तं मॅनेजरले अर्ज द्या."

"मॅनेजर कोठी आहे?"

"ते अर्ज घ्याले नसतात."

असा शास्त्राला प्रशासनाचा पाठिंबा मिळाला आणि गाडी निघाली.

रस्त्यात ज्योत्सना गाडी चालवत होती आणि बाकीचे तिघे ज्योत्सनाला चालवत होते. घनश्याम प्रत्येक उताराला "न्यूट्रल, न्यूट्रल!" असा जप करायचा. भुपेंद्रने पुढे वाकून एसीचं बटण दाबलं. "टेस्ट म्हणजे टेस्ट, वहिनी. गिऱ्हाईक काय घामानं भिजत जाईन का?" सुशीलाबाईंना एसीने मळमळायचं, म्हणून त्यांनी काच उघडली. एसी चालू, काच उघडी. ज्योत्सनाच्या डोळ्यांसमोर पेट्रोलचा एकेक थेंब डांबरावर पडताना दिसायला लागला. दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलं होतं, कुठे पाठीवर पंप घेऊन माणसं तुडतुड्यावर फवारणी करत होती, तलावाच्या पाळीवर बगळे बसले होते. तिने यातलं काही पाहिलं नाही. तिने किलोमीटरचे आकडे पाहिले.

कोंढ्याला मामा-मामी वाटच पाहत होते. शकुनमामीने सगळ्यांना आग्रहाने जेवायला बसवलं. ज्योत्सना पाटावर बसली, पण तिचं मन अंगणात गाडीजवळ उभं होतं. कोणी सुरू तर करणार नाही? हॉर्न तर वाजवणार नाही? तिने भाताचे चार घास पटपट गिळले.

"मामा कुठे गेले?" तिने विचारलं.

"असतीन इकडेच. तुझी गाडी पाहून राहिले होते. भात घे."

मामा हात धुऊन आले. खूश दिसत होते. निघताना सुशीलाबाईंनी लाडवांचा डबा परत मागितला, तो लाखोळीच्या डाळीने भरून आला. हे अपेक्षितच होतं. या लोकांत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ज्योत्सनाच्या आणि भुपेंद्रच्या घरांमध्ये एक स्टीलची वाटी कित्येक वर्षं कुंपणावरून ये-जा करत होती. कधी खीर, कधी लोणचं, कधी नुसते शेंगदाणे. मुळात वाटी कोणाची हे आता कोणालाच सांगता येत नव्हतं, पण ती रिकामी घेऊन कोणी कुंपणापाशी गेलं नव्हतं. मामांनी डिकीत तांदळाचं पोतं टाकलं, वर दोन कोहळे ठेवले. गाडीचं मागचं अंग खाली बसलं. ज्योत्सनाने मनात वजन मिळवलं आणि आकडा एकने उतरवला.

"आता गाडी भरल्यावाणी वाटते," मामा म्हणाले आणि उगाच हसले.

परतताना मागे बसलेल्या भुपेंद्रला काच खाली करून बाहेर बघायची हुक्की आली. "वहिनी, मागं पाहा. धूर."

आरशात पाहिलं तर गाडीमागे निळसर धूर, अगरबत्ती ओवाळत चालल्यासारखा.

"रिंगा गेल्या," भुपेंद्रने निकाल दिला. "इंजिन ऑइल पिऊन राहिलं. दहाचाच एवरेज आता."

ज्योत्सनाचे कान गरम झाले. सकाळी हा धूर नव्हता. इंजिनाच्या रिंगा जेवणाच्या सुट्टीत जात नाहीत. पण हे सांगून कोण ऐकणार? ती स्टिअरिंगवर बोटं आपटत राहिली.

पंपावर तीच नळी, तोच माणूस. नळी टाकीत गेली. ज्योत्सनाने श्वास धरला. आणि श्वास सोडायच्या आत 'टक्'.

सगळे मशीनकडे बघायला लागले. पावणेदोन लिटर.

"पुन्हा दाबा," ज्योत्सना म्हणाली.

पुन्हा टक्.

भुपेंद्रने मोबाइलवर सत्तरला पावणेदोनने भागलं. मग मोबाइल पुसला आणि पुन्हा भागलं. "चाळीस," तो म्हणाला. त्याचा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. "वहिनी, चाळीसचा एवरेज!"

"मायबाप!" घनश्यामने बॉनेटवर थाप मारली. "म्हणून तं मी हे गाडी कधी विकली नाही!"

"हे शक्य नाही," ज्योत्सना म्हणाली.

"काहून शक्य नाही? तूच मोजलं ना? शास्त्रानं?"

"म्हणूनच. चार माणसं, एक पोतं, दोन कोहळे, एसी चालू, काच उघडी. ही कार आहे, मोपेड नाही."

"हरली असती तं शास्त्र खरं होतं," घनश्याम दुखावल्या सुरात म्हणाला. "आता जिंकली तं शास्त्र चुकलं. बाईमाणसाचं समजतच नाही, बाप्पा."

ज्योत्सनाच्या शिक्षकी अब्रूला याहून मोठा धक्का कधी बसला नव्हता. तिचा प्रयोग तिच्या बाजूने खोटं बोलत होता आणि तो कुठे खोटं बोलतोय तेच तिला सापडत नव्हतं. घरी येऊन तिने गाडीखाली डोकं घातलं, झाकण उघडून वास घेतला, बंद केलं, पुन्हा उघडलं. वासात काहीतरी वेगळं होतं. ओळखीचं, पण नाव आठवत नव्हतं. इकडे चाळीसचा आकडा तिच्या आधीच गल्लीभर फिरून आला होता. कलाबाई गाडीला हळदीकुंकू लावून गेल्या.

आणि दिवस मावळायच्या आत खरी गोम बाहेर आली. भुपेंद्र कुंपणावरून न येता फाटकातून आला, म्हणजे कामासाठी आला. बरोबर निकेश नावाचा माणूस होता. चिखल्याला खाणीतल्या लोकांची ने-आण करायच्या त्याच्या दोन गाड्या होत्या.

"चाळीस देणारी गाडी हीच का?" निकेशने विचारलं. त्याने चाकाला लाथ मारली नाही, उलट जरा नमस्कार केल्यासारखा हात लावला. मग त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून घनश्याम आधी भुपेंद्रकडे, मग गाडीकडे आणि शेवटी बायकोकडे पाहायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर नवीन मोटारसायकल उमटली होती.

"तुम्ही म्हणालात, पंधराच्या वर आला तर तोंड उघडणार नाही," ज्योत्सना म्हणाली.

"मी कोठी उघडून राहिलो? हेच उघडून राहिले," घनश्याम निकेशकडे बोट दाखवून म्हणाला.

आता गंमत अशी होती की आकडा कमी आला असता तर गाडी भुपेंद्र नेणार होता, आणि आकडा जास्त आला तर निकेश नेणार होता. पैज जिंकूनही ती मोटारसायकलच्या मागच्या सीटवरच येऊन बसत होती.

"चालू करून दाखवा जरा," निकेश म्हणाला.

गाडी सुरू झाली. मागून निळा धूर निघाला आणि कलाबाईंच्या कुंड्यांवर तरंगत गेला. निकेशचं नाक आकसलं. नेमका त्याच वेळी सुशीलाबाईंचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या मोबाइलचा स्पीकर लावून, तो हातावर ठेवून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलत.

"बाई, पोचले का सुखरूप?" मुरारीमामांचा आवाज आला. "गाडी रस्त्यात बंद तं नाही पडली?"

"नाही गा. काहून बंद पडन?"

"अवो, सूनबाई लाजरी आहे. काटा पार खाली पडला होता, तरी एका शब्दानं बोलली नाही का पेट्रोल नाही म्हणून. जेवतानाबी सारं लक्ष बाहेर. म्या ओळखलं. पाहुण्याची गाडी रिकामी धाडतो का मी? फवाऱ्याच्या पंपासाठी आणलेला होता कॅनीत, थोच ओतला. ऑइल मिसळलेला होता, पण पेट्रोल तं पेट्रोलच. मात्र टाकी लय लहान आहे बा तुमची. अर्धी कॅन नाही गेली तं वर आला!"

ज्योत्सनाने गाडी बंद केली. वासाचं नाव तिला आत्ता आठवलं. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, पण सगळ्यात आधी बरं वाटत होतं. ऊर्जेचे नियम जागेवर होते.

"मामाजी," ती मोबाइलवर वाकली, "नेमकं किती ओतलं?"

"आता ते का मोजाचं असते, बेटी? डाळ दिली, ते मोजली का? थोडा सांडलाबी."

निकेशने गाडीवरचा हात काढून घेतला, भुपेंद्रला "येतो" म्हणाला आणि निघून गेला. भुपेंद्रने लगेच सूर बदलला. "मंग घनश्यामभाऊ, आपलं पहिलंच ठरलं होतं ना. पंधराच्या खाली. उद्या नेतो."

"पंधराच्या खाली हे कोणी सांगितलं?" ज्योत्सना म्हणाली.

तिने मनात मांडणी केली होती. मामांची अर्धी कॅन, म्हणजे अंदाजे तीनेक लिटर, त्यातून सांडलेलं वजा, पंपावरचे पावणेदोन अधिक, टाकीच्या गळ्यात उरणारी जागा. कसंही फिरवलं तरी उत्तर चौदा आणि सोळाच्या मधे कुठेतरी डुलत होतं. पंधराच्या अलीकडे की पलीकडे, हे मुरारीमामांच्या हाताला ठाऊक, आणि तो हात मोजत नसे. तिने हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. खोटं बोलणं तिला जमत नसे, आणि या वेळी त्याची गरजही नव्हती.

"म्हणजे एवरेज निघालाच नाही?" घनश्याम वैतागला. "सारा रविवार गेला, अन् एवरेज नाही?"

हा शब्द त्याच्या तोंडून ज्योत्सनाने आयुष्यात हजारदा ऐकला होता आणि हजारदा दात खाल्ले होते. आज पहिल्यांदा तो तिच्या कानाला गोड लागला.

"अहो, एवरेज असा एका फेरीत निघतच नसतो," ती शांतपणे म्हणाली. "पंधरा हा तुमचा आकडा. पंधराचा एवरेज, असंच म्हणालात ना? मग एवरेज काढावा लागेल. एवरेज म्हणजे पुष्कळ फेऱ्या. एकाच रस्त्याच्या. उन्हाळ्यातल्या, पावसाळ्यातल्या, थंडीतल्या. माणूस एकच, वजन तेच, काच बंद. मधे कोणी पेट्रोल ओतायचं नाही, कोणी बोलायचं नाही."

"बोलाचं काहून नाही? बोलण्यानं काय पेट्रोल जळते?"

"लक्ष जातं. लक्ष गेलं की ब्रेक जास्त लागतो. ब्रेक लागला की पेट्रोल जळतं."

हे शंभर टक्के खरं होतं. घनश्यामने भुपेंद्रकडे पाहिलं. भुपेंद्रने कुंपणाकडे पाहिलं.

"मोजाशिवाय तं विकता येत नाही, गा," सुशीलाबाईंनी मोबाइल कमरेला खोचत निवाडा दिला. "बोलला होतास ना? मंग काढू दे तिले एवरेज."

सोमवारी सकाळी ज्योत्सनाने काच वर केली. धूर विरत विरत दोन-तीन दिवसांत गेला. सुशीलाबाईंनी टाकीच्या झाकणावर लिंबू-मिरची बांधली, ती मात्र मुरारीमामांना उद्देशून होती. थंडी गेली, उन्हाळा गेला, पावसाळा लागला. भुपेंद्रच्या अंगणात गाड्या आल्या, धुतल्या गेल्या आणि गेल्या. मधूनमधून तो पाइप हातात धरून कुंपणावरून विचारायचा, "काय वहिनी, निघाला का एवरेज?"

ज्योत्सना काच बोटभर खाली करायची.

"काढून राहिली ना, भाऊ," म्हणायची, आणि काच पुन्हा वर करायची.